आधी पाणी, मग किल्ला : अलिबाग ते मालवण

अलिबागपासून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली मालवणपर्यंत उतरायचं आणि वाटेतले जलदुर्ग बघायचे, असा हा मार्गशीर्षातला प्रवास. या किल्ल्यांचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. कुठल्या किल्ल्यावर प्यायला काय मिळतं, दुपारचं जेवण कुठे गाठायचं आणि ते चुकलं तर पुढे काय, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून इथे भर त्यावरच आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावर आधी पाणी पाहून मग किल्ला बांधावा असं म्हटलंय. झरा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, हेही तिथेच आहे. आज किल्ले बघायला जाणाऱ्यांनी यातलं दुसरं वाक्य पाठ करावं. टाकी, तळी, विहिरी या किल्ल्यांवर आहेत आणि त्या डोळे भरून बघाव्यात. प्यायचं पाणी मात्र किनाऱ्यावरून न्यावं, आणि जेवायची वेळ घड्याळाआधी भरती-ओहोटीला विचारावी.

मंगळवार, शुद्ध तृतीया : अलिबाग, कुलाबा, कोर्लई

कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला नाही. त्यामुळे अलिबागला नाश्ता कधी करायचा हे तिथीवरून ठरतं. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीचा ढोबळ तास येतो. तृतीयेला तीन गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोन. सव्वादोनला भरती, तर त्याआधी सहा तास, सकाळी सव्वाआठ-साडेआठला ओहोटी. दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासून करायची. रोज वेळ साधारण पाऊण तासाने पुढे जाते. हा अंदाज घरी बसून सहल आखायला पुरतो. प्रत्यक्ष पाण्यात पाय घालण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघायचं आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यालाही विचारायचं.

द्वितीया ते पंचमी हा कुलाब्यासाठी सगळ्यात सोयीचा काळ. ओहोटी सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान येते आणि उधाण नुकतंच झालेलं असल्याने पाणी लांबवर हटतं. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. ते पुरतं ओसरत नाही, आणि ओहोटीही ऐन दुपारी, डोक्यावर ऊन असताना. तेव्हा चालत जायचा हट्ट धरू नये.

सात वाजता पोहे आणि चहा, साडेसातला वाळूवर. ओहोटीच्या आधी तासभर निघायचं आणि ओहोटीनंतर दीड तासाच्या आत परत किनाऱ्याला लागायचं. वाटेतल्या खडकांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. अनवाणी जाऊ नये. मागे पट्टा असलेल्या सँडल सगळ्यात चांगल्या. बूट भिजले की दिवसभर भिजलेलेच राहतात.

कुलाबा शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात बांधायला घेतला आणि पुढे आंग्र्यांचं मुख्य ठाणं झाला. आत गणपतीचं देऊळ, देवळाजवळ बांधीव पुष्करिणी आणि पायऱ्या उतरून जायची गोड्या पाण्याची विहीर. चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या खडकावर गोडं पाणी कसं, हा प्रश्न इथे प्रत्येकाला पडतो. त्याचं उत्तर मालवणला, सिंधुदुर्गात तपशिलाने येईल.

या फेरीला माणशी एक लिटर पाणी पुरतं. मार्गशीर्षात सकाळची हवा गार असते, तहान लागल्याचं कळत नाही, आणि मग दहाच्या सुमाराला डोकं धरतं. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्यावेत. किल्ल्यात कधी एखादी टपरी उघडी सापडते, पण तिच्यावर बेत बांधू नये.

दुपारी चौल-रेवदंड्यावरून कोर्लई. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या डोंगरावर हा पोर्तुगीजांचा किल्ला, पायथ्याला दीपगृह आणि कोळीवाडा. चढ छोटा आहे, पण पूर्ण उघडा. वर खोदलेली, बांधीव टाकी आहेत. त्यातलं पाणी बघण्यापुरतंच. वर काही मिळत नाही, म्हणून गावातच पाणी भरून घ्यायचं. उन्हं उतरल्यावर, चारनंतर चढलं तर माणशी पाऊण लिटरमध्ये भागतं. गावात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास सगळीकडे असतो. सुकी मासळी घ्यायची असेल तर ती परतीच्या वाटेवर घ्यावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी, नाहीतर गाडीतल्या बाटल्यांच्या तोंडालाही तो वास लागतो.

रात्री पोपटी होती. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा आल्या की शेताच्या कडेला ही मडकी लागतात. मडक्याच्या तळाला आणि कडेने भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग बटाटे आणि अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला दाबून बसवलेला. कोंबडी घालायची असेल तर मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळून मधोमध ठेवतात. पाण्याचा थेंब नाही. मडकं पालथं ठेवून भोवती गवत, गोवऱ्या, काटक्या पेटवल्या की अर्ध्या-पाऊण तासात होतं. झालं की नाही ते बघायला मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात. चर्र करून लगेच उडाले की काढायचं. भांबुर्डीचा कडवट-सुगंधी वास शेंगांच्या सालीत उतरलेला असतो, म्हणून शेंग सोलण्याआधी एकदा तशीच चोखायची. पोपटीसाठी राहत्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण पाला शोधून आणावा लागतो.

बुधवार, शुद्ध चतुर्थी : राजपुरी, जंजिरा

मुरूडजवळच्या राजपुरी धक्क्यावरून शिडाच्या होड्या जंजिऱ्याला जातात. अंतर थोडं आहे, पण शीड वाऱ्यावर चालतं. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, आणि मधला तास-दीड तास हवा पडते. त्या पडेल वेळात होडी रेंगाळते, ऊन वर असतं, आणि गर्दीत बाटली उघडायलाही हात मोकळा नसतो. म्हणून सकाळची पहिली होडी गाठावी.

किल्ल्यात फिरायला पाऊण ते एक तास देतात आणि त्याच होडीने परत यायचं असतं. आत जेवण नाही, स्वच्छतागृहाचा भरवसा नाही. या दुसऱ्या कारणाने कितीतरी लोक, विशेषतः बायका, सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि तटावर चक्कर येऊन बसतात. त्यावर उपाय एकच: निघायच्या दोन तास आधी पोटभर, अर्धा-पाऊण लिटर पाणी पिऊन घ्यायचं, धक्क्यावर उरकून मगच होडीत बसायचं, आणि किल्ल्यात घोटघोट घ्यायचं.

पाठीला सॅक हवी, हातात पिशवी नको. होडीतून पायऱ्यांवर उतरताना दोन्ही हात लागतात, आणि ओहोटीच्या सुमाराला उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. सगळं पाणी एकाच सॅकमध्ये ठेवू नये. तासाभरात माणसं पांगतात आणि पाणीवाला नेमका बालेकिल्ल्यावर गेलेला असतो.

जंजिऱ्याचे दोन मोठे गोड्या पाण्याचे तलाव मुद्दाम वेळ काढून बघण्यासारखे आहेत. बहुतेक लोक कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढण्यात वेळ घालवतात आणि तलावाच्या काठावर मिनिटभर थांबतात. खरं तर सिद्दींनी हा किल्ला शतकानुशतकं धरून ठेवला त्यात तोफांइतकाच वाटा या तलावांचा आहे. वेढा कितीही लांबला तरी आतल्या माणसांना पाण्यासाठी दरवाजा उघडावा लागत नव्हता. बांधीव काठ, आत उतरणाऱ्या पायऱ्या, आणि पावसाळ्यात भोवतालच्या उतारांवरून आत येणारं पाणी.

आज ते पाणी गडद हिरवं आहे. उपसा नाही, ऊन थेट पडतं, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा पडते, त्यावर शेवाळ पोसतं. असलं पाणी क्लोरीनची गोळी टाकूनही प्यायच्या लायकीचं होत नाही. गोळीतलं क्लोरीन त्या शेवाळातच खर्ची पडतं आणि जंतू मारायला उरत नाही. अगदी अडचणीची वेळ आलीच, तर आधी पाणी तासभर निवळू द्यायचं, वरचं नितळ पाणी धुतलेल्या सुती कापडाच्या चार पदरांतून गाळायचं, मग खळखळून उकळायचं. उकळायची सोय नसेल तर गाळल्यावर गोळी टाकून किमान अर्धा तास थांबायचं. आणि पाणी मचूळ-खारट लागत असेल तर उकळून उपयोग नाही. मीठ तिथेच राहतं, उलट दाट होतं.

परतल्यावर धक्क्यावर शहाळं घ्यावं. घाम गाळून आल्यावर नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा ते बरं. शहाळं नसेल तर कोकम सरबत, मीठ घातलेलं. मार्चनंतर गेलात तर ताडगोळे मिळतात. मुरूडला तांदळाची भाकरी, माशाचं कालवण आणि तळलेला मासा असं जेवण घरगुती खाणावळींत मिळतं, पण सकाळी नाश्त्याच्या वेळीच सांगून ठेवायचं: किती ताटं, किती वाजता, मासे की शाकाहारी. भाकऱ्या मागणीप्रमाणेच थापतात, म्हणून अडीचनंतर न सांगता गेलं तर भातावर भागवावं लागतं.

आगरदांडा-दिघी आणि पुढे बागमांडला-वेश्वी अशा दोन फेरीबोटी धरून रात्री हर्णै.

गुरुवार, शुद्ध पंचमी : हर्णै, सुवर्णदुर्ग

या प्रवासात खाण्यापिण्याची सगळ्यात जास्त तयारी लागते ती सुवर्णदुर्गाला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले आले त्यात हा आहे, तरी इथे धक्का नाही, टपरी नाही, सावलीला धड झाडही नाही. हर्णै बंदरातून होडी ठरवून जावं लागतं. ठरवताना तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, चार गोष्टी मोकळेपणाने बोलून घ्याव्यात: पैसे होडीचे की माणशी, किल्ल्यापाशी किती वेळ थांबणार, अंगात घालायची जाकिटं सगळ्यांना पुरतील इतकी आहेत का, आणि पाणी चढायला लागलं तर किती वाजता निघावंच लागेल. शेवटचा प्रश्न जेवणाचाही आहे, कारण परतीची वेळ तिथे ठरते.

पंचमीला ओहोटी दहाच्या आसपास, भरती पावणेचारला. आम्ही आठला निघालो. होडी किल्ल्याच्या दरवाजासमोर थोडी अलीकडे उभी राहते आणि गुडघाभर पाण्यातून उतरून जावं लागतं. त्यामुळे खाण्याचं सामान दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या वरच्या भागात ठेवायचं. तळाशी पाण्याच्या बाटल्या. त्या भिजल्या तरी बिघडत नाही.

बेत दोन तासांचा असला तरी पाणी चार तासांचं न्यावं. वारा फिरला, इंजिन रुसलं, पाणी चढलं, काहीही झालं तरी किल्ल्यावर थांबावं लागू शकतं. थंडीत माणशी दोन लिटर आणि शिवाय सगळ्यांत मिळून पाच लिटरचा एक कॅन, जो परतीच्या होडीत बसेपर्यंत उघडायचा नाही. एप्रिल-मेमध्ये माणशी तीन लिटर. सोबत मीठ-साखरेची पुडी: एक लिटर पाण्याला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यापेक्षा जास्त मीठ नको. हे माप घरीच पुड्या बांधून न्यावं, किल्ल्यावर अंदाजाने घालू नये.

खायला काय न्यायचं यावरही थोडं सांगायला हवं, कारण कोकणातल्या दमट हवेत डबा फार लवकर आंबतो. ओल्या खोबऱ्याची चटणी तीन-चार तासांत वास मारू लागते, ती नकोच. सोलकढीचंही तेच, नारळाचं दूध टिकत नाही. तांदळाची भाकरी गरम असताना मऊ, पण दुपारपर्यंत कडक होते. चपाती आणि सुकी बटाट्याची भाजी, दशम्या, लसणाची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, केळी, काकडी हे दुपारपर्यंत नीट राहतं. केळी डब्यात ठेवायची, नाहीतर त्यांचा लगदा होतो. काकडीत पाणीच भरलेलं असतं, तिने तोंडही ओलं राहतं. फरसाण आणि वेफर्स नेऊ नयेत. खारट खाऊन तहान वाढते आणि मोजून आणलेलं पाणी अकरालाच संपतं.

दरवाजाशी पायरीवर कोरलेलं कासव आणि बाजूच्या भिंतीवरचा मारुती बघून आत गेलं की झाडोरा लागतो. पावसाळ्यानंतर माजलेलं गवत मार्गशीर्षातही कमरेइतकं होतं. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पँट हवी. आत पाण्याची टाकी आणि विहिरी आहेत, काहींच्या तोंडाशी झुडपं इतकी वाढलीत की काठ कुठे संपतो ते दिसत नाही. काठीने चाचपल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये. कोकणात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका खरा आहे आणि त्याचे जंतू जखमेतून शिरतात.

ज्यांना होडी जमत नाही त्यांनी बंदरालगतचा कनकदुर्ग बघावा. दीपगृहाच्या त्या उंचवट्यावर खडकात खोदलेली टाकी आहेत, आणि जलदुर्गावर पाणी कसं साठवत ते तिथे पाय न भिजवता कळतं. शिवाय सुवर्णदुर्ग समोर दिसतो.

हर्णैचा मासळीचा लिलाव वाळूवरच चालतो. होड्या लागल्या की माल किनाऱ्यावर ओततात, भोवती कोंडाळं जमतं, आणि काही क्षणांत टोपल्या उचलल्या जातात. लिलावात घाऊक बोली असते, तिथे आपण बोलायचं नाही. लिलाव झाल्यावर कोळणी किरकोळ वाटे लावतात, ते घ्यायचे. कल्ला उचलून लाल आहे का बघायचा, बोट दाबून मांस वर येतं का बघायचं. साफ करून मागितलं तर करून देतात. मग मासे राहत्या ठिकाणी द्यायचे आणि करणावळ ठरवायची.

पण हा मार्गशीर्षातला गुरुवार. बऱ्याच घरांत महालक्ष्मीचं व्रत, चुलीवर मासे चढत नाहीत. एरवीही कोकणात सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टीला पुष्कळ घरगुती खाणावळींत मासे नसतात. मोठ्या हॉटेलांत मिळतात, पण आम्ही खाणावळीतच बसलो. भात, कुळथाची पिठी वर तुपाची धार, वालाचं बिरडं, पोह्याचा पापड, कोकमाचं सार. उन्हातून आल्यावर ते सार दोन वाट्या जास्तच प्यालं जातं, आणि घामाबरोबर गेलेलं मीठ भरून यायला त्याचा फायदाही होतो. वाढणाऱ्या मावशींनी न मागताच तिसऱ्यांदा वाटी भरली.

शुक्रवार, शुद्ध षष्ठी : दाभोळ, जयगड, रत्नागिरी

दिवस रस्त्याचा. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा आणखी दोन फेरीबोटी. जयगड किल्ल्यात गणपतीचं देऊळ आणि विहीर आहे. गाव शेजारीच असल्याने पाण्याची चिंता नाही. फेरीच्या धक्क्यांवर चहा-वडापाव मिळतो, तोही गाडी लागायच्या वेळेपुरता. गाडीत वीस लिटरचा जार ठेवून त्यातून बाटल्या भरत गेलं की रोज प्लास्टिकच्या बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत. जारला छोटा नळ किंवा हातपंप बसवून घ्यावा. वाकवून ओतताना अर्धं पाणी सांडतं.

विजयदुर्गला रात्री पोहोचणार असाल तर दुपारी तीनच्या आत फोन करून जेवण सांगा. खेड्यातली चूल आठ-साडेआठला थंड होते.

शनिवार, शुद्ध सप्तमी : विजयदुर्ग

विजयदुर्ग भूशिरावर आहे, चालत आत जाता येतं, एसटी अगदी जवळपर्यंत येते आणि दरवाजाबाहेर खाण्याची दुकानं आहेत. सगळ्या जलदुर्गांत खाण्यापिण्याच्या दृष्टीने सोपा हाच, म्हणून लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्यांनी इथूनच सुरुवात करावी. सकाळी घावणे-चटणी खाऊन साताला आत शिरलं तर दहापर्यंत तिहेरी तट निवांत बघून होतो. माणशी एक ते दीड लिटर पाणी. मधे परत बाहेर यायचा कंटाळा येतो, म्हणून पुरेसं घेऊनच शिरावं.

आत मोठा बांधीव तलाव आहे. किती माणसांची, किती महिन्यांची तहान भागवायची हे डोळ्यांसमोर ठेवून त्याचा घेर ठरवला असणार. एवढं मोठं आरमारी ठाणं, समोर वाघोटन खाडी, खाडीत जहाजं. जहाजांवर न्यायचं गोडं पाणीही जमिनीवरूनच यायचं. तोफा, दारूकोठार, खलबतखाना बघताना हा तलाव चुकवू नये. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या अभ्यासाशी जोडलेला ‘साहेबाचा कट्टा’ही इथेच, हेलियमच्या शोधाच्या कथेत विजयदुर्गचं नाव येतं ते त्या ग्रहणामुळे.

तलावात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. हे बघवत नाही. आपली बाटली रिकामी झाली की चेपून, झाकण लावून सॅकमध्ये टाकायला काहीही कष्ट पडत नाहीत. प्रत्येक गटाने एक जास्तीची पिशवी ठेवावी आणि आपल्यासोबत दुसऱ्यांच्या चार बाटल्याही उचलाव्यात.

रविवार, शुद्ध अष्टमी : मालवण, सिंधुदुर्ग

मालवण धक्क्यावरून सिंधुदुर्गाच्या होड्या सुटतात. रविवारी रांग मोठी, म्हणून आठच्या आत धक्क्यावर. मालवणकडे भरती-ओहोटीतला फरक अलिबागच्या मानाने बराच कमी, उधाणालाही साधारण दोन-सव्वादोन मीटर, आणि भरतीची वेळ पाऊणच्या हिशेबापेक्षा थोडी आधीच येते. होड्यांना त्याने फार फरक पडत नाही.

२५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू झालं. सुमारे ४८ एकरांचा पसारा, आणि आत तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. बाकीच्या किल्ल्यांवर आपण जास्त करून टाकी-तळी बघतो, म्हणजे साठवलेलं पाणी. इथे विहीर आहे, खाली जमिनीतून येणारं पाणी, आणि तेही चहूकडे समुद्र असताना गोडं.

कोकणात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो बेटाच्या मातीतून, खडकाच्या भेगांतून खाली झिरपतो. खाली भेगांत समुद्राचं पाणी आधीच आलेलं असतं, पण खारं पाणी जड आणि गोडं हलकं, म्हणून गोडं पाणी वर थर धरून राहतं. भेगा बारीक असल्याने दोन्ही पाणी सहज मिसळत नाहीत. हा थर मधोमध जाड आणि किनाऱ्याकडे पातळ होत जातो. शास्त्राच्या हिशेबाने समुद्राच्या पातळीवर एक फूट गोडं पाणी उभं असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी असतं. म्हणून विहीर बेटाच्या आतल्या बाजूला घ्यायची, फार खोल न्यायची नाही, आणि उपसा बेताचा ठेवायचा. भसाभस उपसलं की वरचा थर पातळ होऊन खालचं खारं पाणी वर येतं, आणि एकदा आलं की पुढच्या पावसापर्यंत हटत नाही. विहिरीला बांधीव कठडा हवाच, नाहीतर वरून समुद्राचे तुषार आणि जमिनीवरचा गाळ आत जातो. तीन विहिरींत उपसा वाटला गेला की एकीवर ताण येत नाही.

किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात. त्यांच्या छोट्या टपऱ्यांवर ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत मिळतं. या प्रवासात किल्ल्याच्या आत हक्काने काही प्यायला मिळालं ते इथेच. घ्यायचं तर त्यांच्याकडूनच घ्यावं. तरी माणशी एक लिटर पाणी बरोबर हवं, कारण तटावरून पूर्ण फेरी मोठी आहे आणि होडी साधारण तासभरच थांबते. जास्त वेळ हवा असेल तर होडीत बसण्याआधी विचारून घ्यावं. विहिरीत बादली सोडून बघायचा मोह आवरावा. ते रोजच्या वापराचं पाणी आहे, आपल्या दोरी-बादलीची घाण त्यात जाते.

साडेबाराला मालवणात जेवण. थाळीचा दर माशावर आणि त्या दिवसाच्या बाजारावर असतो, बसण्याआधी विचारायचा. सुरमई सगळे मागतात, पण बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं मालवणची खरी ओळख आहे. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या तर सोडू नयेत. सोलकढी जेवणाच्या शेवटी भातावर एकदा आणि वाटीने एकदा. ताजी आहे का ते रंगावरून कळतं: फिकट गुलाबी आणि एकजीव असावी. वर पाणी, खाली साका झाला असेल तर सकाळची आहे.

पावसाळ्याचं वेगळं गणित आहे. मेअखेरपासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात, जंजिऱ्याच्याही पावसाळाभर बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी, त्यामुळे ताज्या माशांऐवजी सुकट, बोंबील, खारा बांगडा आणि खाडीतलं मिळेल ते. त्या दिवसांत जायचं तर विजयदुर्ग, जयगड, कोर्लई असे जमिनीवरून पोहोचता येणारे किल्ले निवडावेत. टाकी-तळी तेव्हाच काठोकाठ भरलेली बघायला मिळतात, फक्त काठाच्या शेवाळापासून हातभर लांब उभं राहावं. पावसात भिजत चाललं तरी घाम येतच असतो, म्हणून दीड लिटरची बाटली तेव्हाही सॅकमध्ये हवी.